आधी ब्रेक, मग कारण

माझे भाऊजी लोकांना गाडी चालवायला शिकवतात. बावीस वर्षं झाली. या बावीस वर्षांत त्यांनी स्वतः गाडी फारशी चालवलेली नाही, कारण त्यांची जागा शेजारच्या सीटवर. त्या सीटच्या पायाशी त्यांच्यासाठी एक जादा ब्रेक बसवलेला आहे. स्टिअरिंग नाही, हॉर्न नाही, वेग वाढवायचं काहीही नाही, फक्त ब्रेक. एखाद्या माणसाच्या पायाखाली रोज आठ तास नुसता ब्रेक ठेवला तर त्याचं काय होतं, हे ज्याला बघायचं असेल त्यानं आमच्या ताईकडे जेवायला जावं. भाऊजी घास तोंडाजवळ नेऊन थांबतात, वाफ येतेय का बघतात आणि मगच पुढे जातात.

गाडीतला त्यांचा नियम एकच. त्यांनी ब्रेक दाबला की शिकणाऱ्यानं ‘का’ म्हणून विचारायचं नाही. गाडी थांबू द्यायची, कडेला घ्यायची, मग ते सावकाश सांगणार, की त्या उभ्या ट्रकखालून एक चेंडू येताना दिसला, आणि चेंडूच्या मागे मूल असतं. आधी ब्रेक, मग कारण. नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. कारण सांगत बसलं तर तोवर मूल चाकाखाली जायचं. पण हा नियम गाडीतून उतरताना गाडीतच ठेवायचा असतो, आणि भाऊजी तो घालूनच घरी येतात.

मी ताईची धाकटी बहीण. भाऊजींच्या ड्रायव्हिंग स्कूलपासून चार दुकानं सोडून माझं पार्लर आहे, आणि माझ्या धंद्याची रीत नेमकी उलटी. हातात कात्री धरून विचार करत राहिलं तर आरशातल्या बाईच्या तोंडचं पाणी पळतं. कापायचे तर ठामपणे कापायचे. चुकलं तर काय, केस वाढतात. माझं सगळं आयुष्य ह्याच भरवशावर चाललेलं आहे, आणि नवरा म्हणतो तसं, आतापर्यंत तरी ते वाढत आलेत.

आता दोन टोकांच्या अशा दोन माणसांना एकच नाद लागावा, हे नशीबच. आम्हा दोघांना शेअरबाजाराचा नाद लागला.

भाऊजींचा तर त्यावर सिद्धांतच होता. माणूस चौकात जसा वागतो तसाच तो बाजारात वागतो, हे त्यांचं म्हणणं. बँकेतले एक साहेब शिकायला यायचे, त्यांची नजर सारखी मागच्या आरशात. भाऊजींनी तिसऱ्याच दिवशी भाकीत केलं, की हे गृहस्थ भाव पडून गेल्यावर विकणार आणि चढून गेल्यावर घेणार. तसंच निघालं. निवृत्त मुख्याध्यापिका होत्या एक, अडुसष्ट वर्षांच्या. पिवळा दिवा दिसला की त्या गाडी पळवायच्या. त्यांच्या मुलाला भाऊजींनी निरोप दिला, की आईला शेअर घेऊ देऊ नका, आणि घेतलेच तर फोन लपवून ठेवा. एक शिंपी होता, तो मिनिटाला रांग बदलायचा. ह्या रांगेतून त्या रांगेत, तिथून परत ह्या रांगेत, आणि सिग्नलला पोहोचायचा तो मगाच्याच रिक्षाच्या मागे. “हा दलाली भरत भरत म्हातारा होणार,” भाऊजी म्हणाले.

बातमी पसरली. ज्यांना गाडी येत होती असेही लोक भाऊजींकडे तासभर ‘तपासणी’ला यायला लागले. आपल्यात किती धोका पत्करायची ताकद आहे ते चौकाचौकांतून फिरून विचारून जायचे. मी भाऊजींना सांगितलं की ह्याची वेगळी फी लावा. ते म्हणाले विचार करतो. ते अजून विचार करताहेत.

पण आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण काय उगाच पडलेली नाही. भाऊजी स्वतः सकाळी शेअर घ्यायचे आणि जेवणाच्या सुट्टीत विकून मोकळे व्हायचे. भाव जरा हलला की त्यांचा पाय दाबलाच. एका चांगल्या कंपनीचे शेअर त्यांनी विकले, का, तर तिचा अध्यक्ष टीव्हीवर बोलताना सारखा पाणी पीत होता. दोन वर्षांत ती कंपनी तिप्पट झाली. अध्यक्षाला तहान लागली असेल, बाकी काही नाही.

माझी तऱ्हा मी लपवत नाही. मला टिप मिळायच्या ड्रायरखालून. ड्रायरखाली बसलेल्या बाईला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून ती गुपितसुद्धा ओरडून सांगते. अशी एक गुप्त बातमी सगळ्या पार्लरबरोबर मलाही कळली आणि मी हातातले हातमोजे न काढता शेअर घेतले. ती कंपनी नक्की बनवते काय, हे मला पाच महिन्यांनी समजलं. तोवर तिनं ते बनवणं बंद केलं होतं.

ह्या अवस्थेत आम्ही दोघं एका ब्रोकरच्या ऑफिसात गेलो. तिथल्या मुलीनं आम्हाला एकेक फॉर्म दिला. वीस प्रश्न. तुमच्या पैशांचा पाचवा हिस्सा महिन्याभरात बुडाला तर तुम्ही काय कराल, अशा धर्तीचे. मी चार मिनिटांत संपवला, त्यातली दोन मिनिटं पेन शोधण्यात गेली. भाऊजींना एक तास चाळीस मिनिटं लागली. नवव्या प्रश्नाला त्यांनी तिला बोलावून विचारलं, की इथं ‘बुडाला’ म्हणजे कायमचा, की वर येण्याची शक्यता धरून? मुलीनं उत्तरं कॉम्प्युटरला घातली आणि दोन कागद काढून दिले. भाऊजी ‘अतिसावध’, शेजारी कासवाचं चित्र. मी ‘धाडसी’, शेजारी गरुड. मी माझा कागद पार्लरच्या आरशाला चिकटवला. आणि भाऊजींचाही मागून घेऊन त्याच्याच खाली लावला. हे मी का केलं ते सांगते, उगाच आव आणत नाही. मला गरुड असण्यापेक्षा भाऊजी कासव असण्याची मजा जास्त वाटत होती. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी तो दाखवायची.

तोडगा काढला ताईनं. ती हॉस्पिटलात नोंदणीच्या खिडकीवर बसते, घाबरलेली आणि भांडणारी माणसं दिवसभर बघते, त्यामुळे आमचं तिला काही विशेष वाटलं नाही. खातं एकच करा, ती म्हणाली. शेअर निवडायचे ह्यांनी, बटण दाबायचं तू. पासवर्ड तुझ्याकडे, म्हणजे हे घाबरून विकणार नाहीत. निवड ह्यांची, म्हणजे तू ड्रायरखालचं ऐकणार नाहीस. आणि वर एक कलम घातलं. भाऊजी ‘विक’ म्हणाले तर त्या दिवशी विकायचं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही ते तेच म्हणाले तर मात्र निमूट विकायचं, वाद नाही.

नऊ वर्षं हे कलम सोन्यासारखं चाललं. ह्या नऊ वर्षांत भाऊजी मला एकसष्ट वेळा ‘विक’ म्हणाले. मी पार्लरच्या कॅलेंडरवर टिंबं काढत होते. एकसष्टपैकी सत्तावन्न वेळा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी स्वतःच फोन करून सांगितलं, की राहू दे गं, रात्री नीट झोप लागली. चार वेळा मी विकले. आमचे पैसे वाढले. फार नाही, पण वाढले.

आणि ते पैसे कशासाठी होते तेही सांगायला हवं, कारण ते माझ्या शेअरच्या गमतीसाठी नव्हते. ते गाळ्यासाठी होते. भाऊजींचं स्कूल ज्या गाळ्यात होतं तो वरच्या चष्मेवाल्याच्या मालकीचा. त्याला म्हातारपणी मुलीकडे जायचं होतं. भाऊजींना त्यानं शब्द दिला, की वर्षअखेरपर्यंत तुम्ही रक्कम आणलीत तर गाळा तुमचा, नाहीतर मोबाईलवाला तयारच आहे. स्कूलच्या परवान्याला जागा दाखवावी लागते. जागा गेली की परवाना लटकला. पण भाऊजींचा जीव परवान्यात नव्हता. त्या गाळ्याच्या भिंतींवर वाहतुकीची सगळी चिन्हं त्यांनी स्वतः रंगवलेली होती, एकशे बारा. कोपऱ्यात एक गिअरबॉक्स अर्धा कापून स्टँडवर ठेवलेला, दात मोजता येतील असा. मधल्या टेबलावर खडूनं आखलेला चौक आणि त्यात त्यांच्या मुलाच्या लहानपणीच्या खेळण्यातल्या मोटारी. पहिला आठवडा शिकणाऱ्यानं ह्या मोटारी चालवायच्या. पन्नाशीतली माणसं तोंडानं ‘घुर्र’ करत तिथं वळणं घ्यायची.

गणित जमत आलं होतं. ऑक्टोबरमध्ये थोडेच कमी पडत होते, आणि जमलेल्यातले निम्म्याहून जास्त पैसे एकाच कंपनीत होते. ही कंपनी बॅटरीवर चालणाऱ्या लहान व्हॅन बनवायची, सामान पोचवायच्या. गंमत म्हणजे ह्या शेअरला भाऊजी एका झटक्यात ‘घे’ म्हणाले होते. गावातल्या एका लाँड्रीनं तसल्या पाच व्हॅन घेतल्या होत्या आणि तिच्या ड्रायव्हरांना शिकवायचं काम भाऊजींकडे आलं होतं. पहिल्या दिवशी व्हॅनमधून उतरून ते थेट पार्लरमध्ये आले आणि म्हणाले, गाडी चांगली आहे, घे. मी घड्याळ बघितलं. पाऊण मिनिटात निर्णय. मी कॅलेंडरवर चांदणी काढली.

पुढे जे झालं ते तीन दिवसांत झालं, आणि त्यात एक दिवसही असा नव्हता की मला दुसरं काही करता आलं नसतं.

मंगळवारी दुपारी भाऊजींचा फोन आला. माझ्या खुर्चीत एक बाई, अर्ध्या डोक्याला रंग लावलेला, अर्धं बाकी. फोन खांद्यानं कानाला दाबून धरला. ते म्हणाले, व्हॅनवाले विक. सगळे. मी म्हटलं बरं, उद्या बघू, बासष्टावं टिंब काढते. मी फोन ठेवला आणि बाईला आरशावरचं कासव दाखवलं. आम्ही दोघी हसलो.

बुधवारी संध्याकाळी फोन आला नाही, ते स्वतः आले. पार्लर भरलेलं, शनिवारी कुणाचं तरी लग्न होतं. दारातच उभे राहिले. बायकांच्या पार्लरमध्ये ते कधी आत येत नाहीत, उंबऱ्यापाशी चप्पल घालूनच थांबतात. म्हणाले, “कालचं तसंच आहे. विक.”

कलमाप्रमाणे आता वाद नव्हता. पण त्या दिवशी तो शेअर चांगला वर गेला होता. मी सकाळपासून तीनदा बघितलं होतं. अजून महिनाभर असाच चालला तर गाळ्याची रक्कम पुरी होऊन वर चार पैसे उरणार होते, आणि हे कासव नेमकं शेवटच्या वळणावर डोकं आत घेत होतं. माझ्या मनात हाच शब्द आला, कासव. नऊ वर्षं लांडगा आला रे आला ऐकलेल्या माणसाला आता लांडग्याची भीती कशी वाटणार? त्यांना ‘नाही’ म्हटलं असतं तर सहा बायकांसमोर समजावत बसावं लागलं असतं. म्हणून मी म्हणाले, हो हो, विकते. आणि विकले नाहीत.

गुरुवारी सकाळी ते परत आले. मी शटर वर करत होते. त्यांचा चेहरा मोकळा होता, चांगलं झोपल्यासारखा. म्हणाले, काल तुला सांगायचं राहिलं, का विकायला लावले ते. आता लक्षात घ्या. त्यांच्या लेखी गाडी थांबली होती, कडेला लागली होती, आणि ते रीतीप्रमाणे कारण सांगायला आले होते. मी ते ऐकून घेतलं असतं तर त्याच मिनिटाला फोन काढून विकता आलं असतं. पण खोटं बोललेल्या माणसाला तो विषयच नको असतो. मी म्हटलं, जाऊ द्या हो भाऊजी, झालं ते झालं, कारणं काय सांगत बसता, मला पाणी भरायचंय. ते बरं म्हणाले आणि गेले. एवढं मोठं कारण त्यांनी तसंच परत नेलं, आणि मी बादली घेऊन नळाशी गेले.

पुढच्या बुधवारी बातमी आली. त्या व्हॅनच्या ब्रेकमध्ये दोष निघाला होता, कंपनीनं हजारो गाड्या परत बोलावल्या. शेअर एका दिवसात कोसळला आणि चार दिवसांत त्याचा पाव राहिला. पहिल्या दिवशी तर विकायलाही जमेना, घेणारा कुणी नव्हता. मी फोन हातात धरून वॅक्सिंगच्या टेबलावर बसले होते. बुडत होते ते भाऊजींच्या गाळ्याचे पैसे होते.

तेवढ्यात भाऊजी आले. हातात आइस्क्रीमचे दोन कप. आयुष्यात पहिल्यांदा उंबरा ओलांडून, चप्पल बाहेर काढून, ते माझ्या पार्लरमध्ये आत आले. “वाचलो गं आपण,” म्हणाले.

त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी त्यांच्या लग्नातसुद्धा बघितला नव्हता. माझ्या जिवावर आलं. पण दुसऱ्यांदा खोटं बोलायची माझी हिंमत नव्हती.

“भाऊजी,” मी म्हटलं, “मी विकले नव्हते.”

त्यांनी कप काउंटरवर ठेवले, एकाशेजारी एक, नीट. “तू विकते म्हणाली होतीस.”

“म्हणाले होते.”

मग त्यांनी मला कारण सांगितलं. आवाज चढवला नाही. सोमवारी लाँड्रीच्या एका व्हॅनमध्ये सामान भरून उतारावर स्वतः चालवून दाखवत असताना ब्रेक पायाला मऊ लागला. मंगळवारी सकाळी दुसरी व्हॅन घेतली, तीही तशीच. तिसरी तशीच. बावीस वर्षं एकच वस्तू पायाखाली असलेल्या माणसाला तिच्यातलं एवढंसं काही बदललं तरी कळतं. त्यांनी शिकवणं बंद केलं, ड्रायव्हरांना खाली उतरवलं, लाँड्रीवाल्याला लिहून दिलं की ह्या गाड्या रस्त्यावर काढू नका. लाँड्रीवाल्यानं कंपनीला कळवलं. आणि मग त्यांनी मला फोन केला होता. भाव हलला म्हणून नाही, भीती वाटली म्हणून नाही. एकसष्ट वेळा वाटली होती. बासष्टाव्या वेळी त्यांना माहीत होतं.

सांगून झाल्यावर ते चपला घालून निघून गेले. दोन्ही कप मी रडत रडत खाल्ले. मला कितीही वाईट वाटलं तरी माझी भूक मरत नाही, हा माझा आणखी एक दोष.

ताई त्या संध्याकाळी आली आणि तिनं माझी अशी खरडपट्टी काढली की शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं दुकान लवकर बंद केलं. पैसे गेले त्याचं ती काहीच बोलली नाही. ह्यांचा स्वभाव तुला पाठ झाला, ती म्हणाली, म्हणून ह्यांचं बोलणं ऐकायचं तू सोडून दिलंस. जाताना तिनं आरशावरचे दोन्ही कागद फाडून कचऱ्यात टाकले. गरुडाचा अर्धा तुकडा आरशाला चिकटून राहिला होता. तो मी नखानं खरवडला.

गोष्टीत असतं तर ह्या ठिकाणी ताईनं कधीतरी घेऊन विसरलेले शेअर निघाले असते. तसलं काही निघालं नाही. मी माझ्या बांगड्या मोडते म्हटलं, भाऊजींनी ताईकरवी ‘नको’ म्हणून कळवलं. डिसेंबर संपला, चष्मेवाला मुलीकडे गेला, गाळा मोबाईलवाल्याचा झाला. त्यानं पहिल्याच दिवशी भिंतींना पांढरा रंग दिला. एकशे बारा चिन्हं दोन हातांत गेली. भाऊजी समोरच्या फुटपाथवर उभे राहून बघत होते. मी माझ्या दारातून त्यांना बघत होते आणि जवळ जायची माझी छाती होत नव्हती.

परवान्याला जागा हवीच होती. माझ्या पार्लरच्या मागे एक खोली आहे, वॅक्सिंगचं टेबल आणि टॉवेलांचं कपाट होतं तिथं. मी कुणाला न विचारता, माझ्या स्वभावानुसार, एका दुपारी ती रिकामी केली आणि पाटी रंगवणाऱ्याला बोलावून पार्लरच्या पाटीखाली ड्रायव्हिंग स्कूलची पाटी लावली. भाऊजींनी पाटी चार दिवस येता-जाता वाचली. पाचव्या दिवशी हातगाडीवर गिअरबॉक्स घालून आले.

बोलत मात्र नव्हते. म्हणजे ‘सरक’, ‘दिवा लाव’, ‘हातोडी दे’ एवढं बोलायचे. तीन आठवडे गेले. एका रविवारी ते मागच्या खोलीत स्टुलावर चढून भिंतीवर चिन्हं रंगवत होते, मी खाली रंगाचा डबा धरून उभी. सदतिसावं चाललं होतं. मला सहन होईना. मी फोन काढला आणि म्हटलं, भाऊजी, हा पासवर्ड घ्या. उरलंसुरलं जे आहे ते तुमचं तुम्ही बघा. माझ्या हातात ते शोभत नाही.

त्यांनी ब्रश डब्यावर निथळवला. “माझ्या हातात दिलंस तर उद्या दुपारपर्यंत काही शिल्लक राहणार नाही. तुझ्याकडेच राहू दे.”

“मग कलम बदला. तुम्ही म्हणाल तेव्हा मी विकेन. त्याच मिनिटाला.”

“तेही नको. एकसष्ट वेळा माझंच चुकलं होतं.” मग ते स्टुलावरून खाली उतरले. हळूहळू, एक पाय टेकल्याची खात्री करून दुसरा. माझ्याकडे बघून म्हणाले, “तुला पटलं नाही तर ‘नाही’ म्हण. मी भांडेन तुझ्याशी. मला येत नाही भांडता, पण मी भांडेन. ‘हो’ म्हणून गप्प नको बसवूस मला.”

मी डबा खाली ठेवला आणि त्यांच्या पाया पडले. आमच्यात कधी पडत नाही, त्यामुळे त्यांना काय करावं ते कळलं नाही आणि त्यांच्या हातातल्या ब्रशचा लाल रंग माझ्या केसांना लागला. तो दोन दिवस गेला नाही. एका गिऱ्हाइकानं तर तसाच रंग मागितला.

ह्याला आता दहा महिने झाले. पार्लरमध्ये नवीन आलेल्या बाईला जरा चमत्कारिक वाटतं. ती डोक्याला टॉवेल गुंडाळून बसलेली असते आणि मागच्या खोलीतून एखादा पोक्त माणूस ‘घुर्र’ करत असतो. पण सवय होते.

गेल्या मंगळवारी भाऊजी मागच्या खोलीतून बाहेर आले आणि म्हणाले, ते पंखेवाले विक. माझ्या हातात कात्री होती. पंख्याची कंपनी चांगली चालली होती आणि मला ती ठेवायची होती. मी कात्री खाली ठेवली.

“नाही,” मी म्हटलं. “का विकायचे?”

भाऊजी भांडले. पाच बायकांसमोर, पाऊण तास. फार वाईट भांडले. मुद्दा मध्येच सोडायचे, माफी मागायचे, परत सुरू करायचे. एकदा चुकून माझीच बाजू मांडायला लागले आणि मला त्यांना थांबवून आठवण करून द्यावी लागली. पण प्रत्येक कारण त्यांनी मला तोंडावर सांगितलं, आणि मी त्यातलं एकही अर्ध्यात तोडलं नाही. खुर्चीतल्या बाईनं घड्याळाकडे बघितलं तेव्हा मी तिला सांगितलं की बाई, घाई असेल तर उद्या या. शेवटी आम्ही निम्मे विकले आणि निम्मे ठेवले. कोणाचं बरोबर होतं ते अजून कळलेलं नाही, पंख्याचा भाव आहे तिथंच आहे.